बारकीच्या अंगणातली सव्वीस

आंबेखोऱ्याला सकाळी सातला मुरबाडची एसटी येते, दहा मिनिटं उभी राहते आणि परत फिरते. ती यायच्या आधीच भगीरथ कोतवाल शेडखालच्या बाकावर येऊन बसलेला असतो. जायचं त्याला कुठंच नसतं. कोण चढलं, किती चढले, हे तो बोटांच्या पेरांवर मोजतो. संध्याकाळी पाचच्या गाडीला पुन्हा येतो आणि उतरणारे मोजतो. सकाळचे आणि संध्याकाळचे जुळले की घरी जातो. नाही जुळले तर कोण मागं राहिलं ते आठवत बसतो. कोतवालकी सुटून दहा-अकरा वर्षं झाली, पण ही खोड सुटली नाही.

तीस वर्षं त्याने कोतवालकी केली. नोटिसा पोचवायच्या, दवंडी द्यायची, कुठं पाळणा हलला, कुठं कोण गेलं ते तलाठ्याच्या कानावर घालायचं, साहेब आले की पुढं चालायचं. पगार नावाला, पण एक मान होता. खालचं आंबेखोरे आणि वरची टेपवाडी, दोन्हीकडची घरं आणि घरातली माणसं त्याला तोंडपाठ असायची. तलाठी कौतुकाने म्हणायचे, "कागद कशाला उघडता, भगीरथाला विचारा." चारचौघांत असं कोणी म्हटलं की भगीरथ उगाच टोपी नीट करायचा.

टेपवाडी आंबेखोऱ्यापासून साडेतीन किलोमीटर वर आहे, सिद्धगडाच्या अंगाला. एसटी काय, जीप काय, सगळं खाली थांबतं. पुढं ओहोळ ओलांडायचा आणि चढ धरायचा. वाडीतले लोक भात, नाचणी, वरई पिकवतात. पूर्वी झोडणी उरकली की बरीच घरं भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जायची आणि पावसाच्या तोंडावर परतायची. जाताना दाराला काठी आडवी बांधायची, म्हणजे घरात कोणी नाही. शाळेतली पोरं मात्र भट्टीवर न्यायची नाहीत, बारकीकडे ठेवायची, ही वाडीची रीत. बारकीचा नवरा बुधू लवकर गेला, पोटी मूल नाही, आणि घराची ओटी मोठी. ज्याची पोरं त्याने तिच्याकडे भात आणि सुका जवळा घालून जायचं. मग चार-पाच महिने त्या एका घरात वीस-पंचवीस पोरं जेवायची, भांडायची, झोपायची. ही रीत भगीरथाला माहीत नव्हती असं कोणी म्हणू शकणार नाही. तोही म्हणत नाही.

यंदा जानेवारीत एक दिवस सातची गाडी गेली आणि ग्रामपंचायतीच्या दारातून अपेक्षाने हाक मारली. "आबा, जरा आत येता का?"

अपेक्षा टेपवाडीच्या कमळूची मुलगी. रोज उतरून-चढून शिकली, मुरबाडला कॉलेज केलं, आणि आता पंचायतीत संगणकावर बसते. तिने भगीरथाला खुर्ची दिली आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"दोन हजार अकराची मोजणी. आपली वाडी, दोनशे अठ्ठावीस. तेव्हा डोंगरातल्या वाडीला रस्ता द्यायला अडीचशेची अट होती. बावीस माणसांनी रस्ता गेला आपला."

"हां," भगीरथ म्हणाला.

"तुमी होतात ना मोजणीला, गुरुजींसंगं?"

"होतो."

"मग वाडीत आलेलात का? म्हंजे मी सात वर्षांची होते, बारकीआजीकडं ठेवलेली. मला कोणी आलेलं आठवतच नाय."

भगीरथाने पडद्याकडे बघितलं. मग म्हणाला, "लहान होतीस तू."

"तेही हायच," अपेक्षा म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं. ती पुढं सांगत राहिली. येत्या फेब्रुवारीत नवी मोजणी. तिने आधीच घरोघर फिरून पाहिलं होतं, एकशे एकाहत्तर भरत होते. सूरजने कल्याणला खोली घेतली. भावनाचं अख्खं घर आटगावला गेलं, नवरा तिथं कारखान्यात. रोज अंधारात उतरून सातची गाडी कोण पकडणार, आणि संध्याकाळी पाचची चुकली तर जीपवाल्याच्या पाया कोण पडणार. रस्ता नाही म्हणून माणसं गेली, आणि आता माणसं नाहीत म्हणून रस्ता नाही.

"नवा आकडा लागला की आपला विषयच संपला, आबा. त्याच्या आधी, जुना आकडा चुकला होता असं लेखी गेलं, तर अर्ज पुढं सरकेल. तहसीलातले भाऊसाहेब बोलले. पण लिहून देणारा तेव्हा हजर असलेला माणूस पायजे."

"कमळाकर गुरुजी?"

"ते गेले ना मागच्या साली. तुमीच उरलात. बघा काय आठवतंय का."

भगीरथ उठला. दारात चप्पल घातली आणि घराकडे निघाला.

आठवायचं काही नव्हतंच. सोळा वर्षं ते विसरायची खटपट चाललेली.

तो फेब्रुवारीचा दिवस होता आणि त्याच दिवशी त्याच्या पुतण्याची, प्रणितची हळद होती. घरचा कर्ता म्हणून मांडवाला उंबराची डहाळी भगीरथाने आणायची, आचाऱ्याकडे उभं राहायचं, पाहुणे बसवायचे. आदल्या दिवशी ओहोळाशी उभं राहून त्याने वाडीच्या लोकांना सांगितलं होतं, उद्या मोजायला येतोय, घरी राहा. सकाळी कमळाकर गुरुजी फॉर्मांचं बाड घेऊन आले. परगावचे, मधुमेहाने थकलेले, चढाकडे बघूनच त्यांनी कपाळ पुसलं. खालचं गाव दोन दिवसांत झालंच होतं. उरली होती टेपवाडी.

भगीरथच म्हणाला, "गुरुजी, वर कशाला चढता? वाडी माझ्या तोंडावर हाय. पारावर बसा, मी सांगतो, तुमी लिवा."

"नियमात बसत नाही, कोतवाल."

"नियमाला काय होतंय. सत्तेचाळीस घरं उघडी, चौदांना काठी. भट्टीवर गेलेल्यांना तिकडंच मोजतात, तुमीच बोलला."

गुरुजी पारावर बसले. भगीरथ घरामागून घर सांगत गेला, नावं, वयं, कोण कोणाचा. खरंच कुठं अडखळला नाही. गुरुजी मान हलवून हलवून लिहीत होते आणि मांडवातून हळदीची गाणी ऐकू यायला लागली होती.

मग बारकीचं घर आलं.

"बारकी बुधू. बाई. पासष्ट."

"आणि?"

त्या 'आणि'पाशी भगीरथ थांबला होता. किती थांबला, ते त्याला आजही सांगता येईल. गुरुजींनी पेन झटकून पुन्हा टेकवलं, तेवढा वेळ. पोरांचा विषय काढला तर एकेकाचं नाव, वय, इयत्ता, आईबापाचं नाव सगळं लागणार. त्या चौदा घरांतली कुठली पोरं भट्टीवर गेली आणि कुठली मागं राहिली, हे त्याला पाठ नव्हतं. ते बघायला वर चढावं लागलं असतं. चढून, लिहून, उतरून दिवस मावळला असता.

"एकटी राहते," भगीरथ म्हणाला.

"नक्की ना, कोतवाल?"

"एकटीच हाय ती."

गुरुजींनी लिहिलं, हळदीचं जेवण जेवले आणि जीपने गेले.

तीन वर्षांनी रस्त्याच्या यादीचा कागद आला. टेपवाडी बसत नाही, लोकसंख्या दोनशे अठ्ठावीस. तो कागद वाडीत जाऊन वाचून दाखवायचं काम कोतवालाचंच होतं. ओहोळापर्यंत जाईस्तोवर त्याच्या मनात बेरीज झाली होती, कारण बारकीकडे त्या साली सव्वीस पोरं होती हे पुढं शाळेतल्या बाईंच्या तोंडून त्याने ऐकलं होतं. दोनशे अठ्ठावीस आणि सव्वीस, दोनशे चोपन्न. वाडीत कागद वाचला तेव्हा कमळू म्हणाला, "त्या गुरुजीने काय डोळे मिटून मोजलं काय?" भगीरथ कागदाची घडी घालत राहिला. त्या दिवसापासून वाडीत कोणी चढाला वैतागलं की गुरुजींच्या नावाने बोटं मोडायचं, आणि भगीरथ तिथं असला तर गप्प उभा असायचा.

बारकी भेटली की एवढंच विचारायची, "रस्ता कधी येतोय, कोतवाला?" तो म्हणायचा, "कागद वर गेलाय." पुढं तिच्या डोळ्यांवर पडदा आला. मुरबाडला नेतो, डोळे दाखवू, असं कमळू किती वेळा म्हणाला. ती म्हणायची, रस्ता होऊ दे, गाडीत बसून जाईन, झोळीत घालून नेऊ नका, मेलेलं माणूस नेतात तसं. सहा वर्षं झाली, ती वाडीतून खाली उतरलेली नाही. गेली काही वर्षं भगीरथही वर चढलेला नाही. गुडघे दुखतात, असं तो सांगतो. गुडघे दुखतात हे खरं आहे.

अपेक्षाने विचारलं त्या दिवशी दुपारी तो जेवायला बसला आणि भाताचे ढीग करत राहिला. सुंदराने, त्याच्या बायकोने, थोडा वेळ बघितलं.

"काय बोलली कमळूची पोर?"

"मोजणीचं विचारत होती."

सुंदरा वाढायची थांबली. तिने त्या दिवशी पारावरून दोघांना मांडवात येताना बघितलं होतं, आणि वाडीला जाऊन येणारा माणूस दुपारच्या आत परत येत नाही, हे तिला कळत होतं. इतक्या वर्षांत तिने ते तोंडावर आणलं नव्हतं.

"मग सांगितलंत?"

"काय सांगू?"

"मला काय विचारता. मी होते का पारावर?" तिने आमटी वाढली. "जेवा. थंड होतंय."

"आता सांगून लोक काय म्हणतील गो?"

"म्हणतील ते म्हणतील. तुमी काय आता सरपंचकीला उभं राहणार हाव?"

सव्वीस जानेवारीला ग्रामसभा होती. झेंडा झाला, पोरांना जिलेबी वाटली, मग माणसं शाळेच्या व्हरांड्यात बसली. सरपंच योगिनीताईंनी विषय वाचले. पाण्याची टाकी, स्मशानाची शेड, टेपवाडीच्या रस्त्याचा अर्ज. तिसऱ्या विषयाला अपेक्षा उभी राहिली आणि आकडे सांगायला लागली. भगीरथ खांबाला टेकून मागं बसला होता. तो उठला तेव्हा लोकांना वाटलं, लघवीला चालला.

"मला बोलायचंय," तो म्हणाला.

"बोला ना, आबा."

"तो आकडा माझा हाय. गुरुजींचा नाय." मग त्याला वाटलं होतं तसं काही नीट सांगता आलं नाही. हळद आधी सांगितली, पार नंतर, बारकीचं घर मधेच. पण लोकांना कळलं.

पहिला बोलला साईनाथ, खालच्याच गावचा, जीप चालवणारा. "म्हंजे हळदीचं मटण चांगलंच झालं होतं." दोघं-तिघं हसले आणि हसल्यावर अवघडले. कोणीतरी मागून म्हणालं, "जाऊ द्या आता, म्हातारा माणूस, बसवा त्यांना."

कमळू उभा राहिला. तो हसला नव्हता. "आमी इतकी वरसं त्या गुरुजीला शिव्या घातल्या," तो म्हणाला. "मेला तो माणूस. तुमी तिथंच उभे असायचात, कोतवाल. मी तुमच्या तोंडाकडं बघून शिव्या घातल्यात."

"होय," भगीरथ म्हणाला.

"एकदा तरी बोलायचं."

कमळूची बायको जिवली त्याच्या मागंच, बायकांच्या घोळक्याच्या कडेला बसली होती. तिने नवऱ्याच्या सदऱ्याचं टोक ओढून त्याला खाली बसवलं.

अपेक्षा इतका वेळ वहीत काहीतरी लिहीत होती. तिने मान वर केली तेव्हा तिचे डोळे भगीरथाला टाळत होते. "हे लेखी द्यावं लागेल," ती म्हणाली. "नुसतं सव्वीस लिहून चालायचं नाय. सव्वीसच्या सव्वीस नावं, तेव्हाचं वय, आईबापाचं नाव. सांगा, मी टाइप करते."

भगीरथाने सुरुवात केली. एकोणीस नावांवर तो थांबला. खांबाकडे बघितलं, कौलांकडे बघितलं. पेरं मोजून पुन्हा सुरुवात केली, आणि पुन्हा एकोणीस झाली.

"बारकीआजीला विचारा," अपेक्षा म्हणाली. "तिला येतील."

"तू लिवून आण ना. तू घरी जातेसच."

"सही तुमची हाय, आबा. तुमीच लिवा."

रविवारी सकाळी त्याने पिशवीत वही-पेन घेतलं आणि ओहोळ ओलांडला. चढावर चार ठिकाणी बसला. तिसऱ्या ठिकाणी बसला असताना त्याच्या मनात आलं की सोळा वर्षांपूर्वी हाच चढ तो पाऊण तासात चढायचा. कमळूच्या अंगणावरून जाताना कमळू दोर वळत होता. त्याने वर बघितलं आणि जिवलीला म्हणाला, "पाणी दे त्यांना." भगीरथ उभ्या उभ्या पाणी प्यायला.

बारकी ओटीवर उन्हात बसली होती. आता भट्टीवर तीनच घरं जातात, त्यांची सहा पोरं अंगणात गोट्या खेळत होती.

"कोण?"

"मी, भगीरथ."

"बस." तिने हाताने जागा चाचपून दाखवली. "कमळू सांगून गेला मला."

भगीरथ बसला. चढताना त्याने जे बोलायचं ठरवलं होतं ते आता ओळीने आठवेना. "बारकीबाय, माझ्या हातून—"

"तू सांगून गेलेलास ओहोळावर," बारकी म्हणाली. ती त्याच्याकडे नाही, अंगणाकडे तोंड करून बोलत होती. "उद्या मोजायला येतो, घरी राहा. मी पहाटे उठले. झऱ्यावरनं पाणी आणलं, आठ खेपा. सगळ्यांना न्हाऊ घातलं. डोकीला तेल लावलं. तेल पुरेना, मग शेवटच्या चौघांना नुसता हात फिरवला. त्या भितीला ओळीनं बसवली, बारक्यापासून मोठ्यापर्यंत. बोलले, हलू नका, मोजताना चुकायचं."

भगीरथाने भिंतीकडे बघितलं. शेणाने सारवलेली साधी भिंत होती.

"कुठवर बसली?"

"ऊन भितीवरनं उतरलं तवर. मग एकेक मुतायला उठली. तो प्रेमाचा भाऊ तर चड्डीतच मुतला, पण उठला नाय. साहेब रागावंल बोलला." ती थोडी हसली. "मला वाटलं, साहेबाला बरं नसंल. मी कोणाला बोलले नाय. कोणी विचारलंच नाय."

भगीरथ खाली बघत होता. माफ कर म्हणायला तो आला होता. पण आता ते म्हणणं म्हणजे तिच्याकडे आणखी काहीतरी मागणं होतं. त्याने पिशवीतून वही काढली.

"नावं पायजेत, बाय. मला एकोणीसच येतात."

"तुला एकोणीस तरी कशी येतील? तू बघितलीस कुठं." हे तिने रागाने म्हटलं नाही. "लिव. भितीच्या त्या टोकाकडनं."

आणि ती सांगायला लागली. डोळ्यांनी दिसत नव्हतं तरी तिचं बोट भिंतीवरून सरकत होतं, एकेका डोक्यावर थांबल्यासारखं. भाविक, चार वर्षांचा, शाळेत नव्हता पण आई अंगात ताप घेऊन भट्टीवर गेली होती म्हणून ठेवलेला. अपेक्षा, कमळूची. सूरज. सूरजच्या पलीकडे त्याची बहीण, दोघं चिमटे काढायची म्हणून मधे कोणाला तरी बसवलं होतं, कोणाला बरं, हां, भावनाला. भावनाने त्या दिवशी दुसरीच्या पुस्तकातली कविता म्हणून दाखवायचं ठरवलं होतं, साहेबाने विचारलं तर. प्रेमा, नऊ वर्षांची. "हिची शाळा सातवीलाच सुटली. पावसात ओहोळ अडवायचा आणि घरचे पाठवायचे नाय."

भगीरथ लिहीत राहिला. त्याची अक्षरं मोठी आणि वाकडी येत होती. मधे एकदा पोरांची गोटी त्याच्या पायापाशी आली, ती त्याने परत लोटली. ऊन ओटीवरून सरकलं तसा बारकीने पाय आखडून घेतले, पण ती ओळीतून कुठं चुकली नाही.

"झाली?" शेवटी तिने विचारलं.

त्याने पेरांवर मोजली. "सव्वीस."

"पुन्हा मोज."

त्याने पुन्हा मोजली, या वेळी वहीतल्या एकेका नावावर बोट ठेवून, तोंडाने नाव घेत. सव्वीसच होती.

"माझं घेतलंस?"

"तुझं तेव्हाच लिवलेलं, बाय." भगीरथाने वही मांडीवर ठेवली. "एकटी राहते, असं लिवलंय."

अंगणात पोरांचं भांडण लागलं होतं. बारकीने आवाज न चढवता एकाचं नाव घेतलं आणि ते थांबलं.

"एकटी कुठं होते मी," ती म्हणाली. "तेवढं खोड."

तो कागद आता कुठल्या कचेरीत, कुठल्या कपाटात असेल, आणि तो खोडायचा अधिकार कोणाला, हे भगीरथाला माहीत नव्हतं. वहीच्या पानावर सव्वीस नावांच्या खाली थोडी जागा उरली होती. तिथं त्याने लिहिलं, 'बारकी बुधू त्या दिवशी घरात एकटी नव्हती. हे मला माहीत होतं.' मग त्याखाली सही केली, आणि लिहिलेलं तिला वाचून दाखवलं.